लेखनिक मिळाला, पण परीक्षा नक्की कोणाची?

खडूफळा
दहावीची पूर्वपरीक्षा गेल्या आठवड्यात संपली. आमच्याकडे यंदा एक पूर्ण अंध मुलगा आहे. तालुक्याच्या गावातली साधी मराठी माध्यमाची शाळा, अंधशाळा नव्हे. सातवीपर्यंत तो निवासी अंधशाळेत होता, मग घरच्यांनी गावी आणला. डोकं तल्लख, तोंड त्याहून. मी त्याला भूगोल आणि मराठी शिकवते.

लेखनिकाची शोधाशोध दिवाळीतच सुरू केली होती. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे नववीतलं कुणीतरी गाठा, त्याच्या आईवडिलांना पटवा ("आमच्या पोरीचा अभ्यास बुडेल त्याचं काय, बाई?"), मग प्रस्ताव, फोटो, सह्या, शिक्के, मंडळाकडे फेऱ्या. शेवटी एक मुलगी मिळाली. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब. म्हटलं, गंगेत घोडं न्हालं.

मग गणित भाग १ चा पेपर आला. एका गुणाचा उपप्रश्न. मुलीने वाचलं, "एक्स अधिक तीन भागिले दोन बरोबर पाच, तर एक्स किती?" यानं दोन सेकंदांत सांगितलं, "सात." तिनं लिहिलं सात. पेपरात मात्र भागिले दोन फक्त तिनाखाली होतं. उत्तर साडेतीन. गुण गेला. संध्याकाळी मला विचारतो, "बाई, यात माझं चुकलं का तिचं?"

भूगोलाची तर वेगळीच तऱ्हा. नकाशाच्या प्रश्नाला "फक्त अंध विद्यार्थ्यांसाठी" असा पर्याय असतो, बोर्डाच्या पेपरातही आणि त्या धर्तीवर आमच्याही. बाकीच्या मुलांनी ब्राझीलच्या आराखड्यात जागा दाखवायच्या, यानं एका वाक्यात उत्तरं द्यायची. ब्राझीलमधलं सर्वोच्च शिखर कोणतं? पिको दी नेब्लीना. झाले गुण. पेपर झाल्यावर मी सहज विचारलं, "ते शिखर ब्राझीलच्या कुठल्या बाजूला रे?" म्हणाला, "बाई, ते आम्हाला नसतं."

ते "आम्हाला नसतं" काही केल्या डोक्यातून जात नाही. वेळ वाढवून मिळतो, लेखनिक मिळतो, सगळं नियमाप्रमाणे. पण पेपर काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हा मुलगा बसलेलाच नसतो. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळेच्या पातळीवर, खिशाला झेपेल असं काय करता येईल? अनुभवी मंडळींनी सांगा.

काठावरपास
वाचतोय. वाचनखूण साठवली आहे. माझी बायको शिक्षिका आहे, तिला दाखवतो.

सहा_टिंबं
बाई, तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा. मी जन्मांध, सध्या बँकेत नोकरी. दहावीपासून एम.ए.पर्यंत आणि नंतरच्या स्पर्धा परीक्षा धरून वीस-पंचवीस लेखनिक तरी वापरले असतील. ("वापरले" हा शब्द वाईट वाटतो खरा, पण आमच्यात असंच बोलतात.)

त्यांच्या जाती सांगतो. एक असतो टपाल खातं: सांगाल ते लिहितो, स्वल्पविरामसुद्धा विचारून. हा सर्वात चांगला. दुसरा असतो दानशूर. बी.ए.ला असा एक भेटला होता. मी सांगतोय एक आणि पेनाचा आवाज येतोय भलत्याच लांबीचा. विचारलं तर म्हणाला, "दादा, तुझं चुकत होतं म्हणून नीट करून लिहिलं." त्याचं "नीट" चुकीचं होतं हे निकालात कळलं. तिसरा पेंगणारा. चौथा घाईतला, ज्याची साडेपाचची एसटी असते. तुमच्या भरपाईच्या तासाला त्याच्या एसटीचं वेळापत्रक लागू होतं.

आता गणिताचं. मुलगा चुकला नाही आणि मुलगीही नाही. त्यांची भाषा ठरलेली नव्हती. मी आणि माझा दहावीचा लेखनिक, आम्ही आठवडाभर रोज अर्धा तास बसून वाचनाचे नियम ठरवले होते. अपूर्णांक आला की त्यानं "अंश सुरू" म्हणायचं, अंश वाचायचा, "छेद सुरू", छेद वाचायचा, "अपूर्णांक संपला". कंस उघडला की "कंस", बंद झाला की "कंस पुरे". वर्गमूळ कुठपर्यंत आहे तेही सांगायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण मग एक्स अधिक तीन भागिले दोनचा घोळ होत नाही. तुमच्या प्रश्नात "एक्स अधिक, अंश सुरू तीन, छेद सुरू दोन, अपूर्णांक संपला" असं आलं असतं तर पठ्ठ्यानं साडेतीनच सांगितलं असतं.

आणखी एक. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटू द्यावं असं म्हटलंय. माझं मत विचाराल तर दोन दिवस म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरी बघण्यासारखं आहे. तुमच्याकडे महिना आहे, तो वापरा.

कडक_इस्त्री
निवृत्त मुख्याध्यापक, पंधरा-वीस वर्षं केंद्रसंचालक म्हणूनही काम केलं आहे. थोडा कडू घोट देतो, राग मानू नये.

अंध विद्यार्थ्याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण सवलतींचा बाजारही मी पाहिला आहे. ज्यांना आयुष्यात कधी अडचण नव्हती असे पालक नववीच्या शेवटी अचानक प्रमाणपत्र घेऊन येतात. लेखनिक म्हणून नववीचा सांगून कॉलेजचा आणलेला मी स्वतः धरला आहे. परीक्षा म्हणजे सगळ्यांना एकच मोजपट्टी. एकाला तीन तास, दुसऱ्याला चार, एकाला नकाशा, दुसऱ्याला एका वाक्यात उत्तर, मग गुणपत्रिकेवरच्या आकड्याला अर्थ काय उरतो? उद्या अकरावीच्या प्रवेशात हे दोघे एकाच यादीत असतात.

रिकामटेकडा
सर, मग सगळ्यांनाच चार तास द्या. मीपण घेतले असते. तिसऱ्या तासानंतर नुसता खिडकीबाहेर बघत बसलो असतो ही गोष्ट वेगळी.

खडूफळा
@कडक_इस्त्री सर, राग कसला. उलट नकाशाच्या बाबतीत तुमचं आणि माझं म्हणणं एकच आहे. नकाशाऐवजी एका वाक्यात उत्तर ही मोजपट्टी बदललीच आहे, आणि ती मुलाच्या फायद्याची नाही. त्याला सोपं दिलं, भूगोल दिला नाही.

@सहा_टिंबं दादा, "अंश सुरू, छेद सुरू" उद्यापासून चालू करते.

आळूवडी
कडक सरांच्या "नववीच्या शेवटी अचानक" वाल्या पालकांपैकी मी एक. माझ्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता आहे. अचानक काही नव्हतं. तिसरीपासून "लक्ष देत नाही", "आळशी आहे", "घरी अभ्यास घेत नाही का?" हे ऐकत होतो. मुंबईत सरकारी रुग्णालयात तपासणीला नंबर लावला, तारखांवर तारखा, हे डॉक्टर, त्या चाचण्या, बुद्ध्यांक, पुन्हा तारीख. कागद हातात पडला तेव्हा नववी संपत आली होती. बाहेरून बघणाऱ्याला तो अचानकच दिसणार.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दहावीत सवलती १९९६ पासून आहेत, देशाचा कायदा त्याच्या वीस वर्षांनी आला. त्याबद्दल आपल्या राज्याचं कौतुक करायलाच हवं. पण एका सवलतीबद्दल सावध करते. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता यायचं. आमच्या ओळखीत एका मुलाने ते घेतलं, दहावी सुटली, घरात पेढे वाटले. पुढे त्याला यंत्रांमध्ये गोडी आहे हे कळलं तेव्हा तिकडची दारं बंद झाली होती. अडचण त्याची वाचण्यात होती, गणितात नव्हतीच! कोणी प्रश्न वाचून दाखवला असता तर त्याने भूमिती सोडवली असती. आम्ही मुलीसाठी ती सवलत नाकारली, वाचक मागितला.

मराठी वाचताना तिचं काय होतं ते सांगते, कारण इंग्रजीतले डिस्लेक्सियाचे लेख वाचून आपल्याकडचं चित्र कळत नाही. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढायची आणि बोलताना मात्र नंतर. 'सूर्य' मधला रफार य च्या डोक्यावर, पण उच्चार य च्या आधी. 'क्रम' मध्ये तोच र पायाखाली, 'राष्ट्र' मध्ये त्याची टोपी उलटी. ती प्रत्येक ओळीत या र ला शोधत फिरते. उतारा संपेपर्यंत दमते, आणि प्रश्न येतो आकलनाचा. तोच उतारा मी वाचून दाखवला तर ती असे प्रश्न विचारते की मला उत्तर येत नाही.

सहा_टिंबं
+१०० त्या र ला. ब्रेलमध्ये वेलांटी उच्चाराच्या क्रमानेच येते, व्यंजनानंतर. 'कि' म्हणजे आधी क, मग इ. या बाबतीत आम्ही तुमच्या मुलीपेक्षा सुखी!

हातवारे
कर्णबधिरांच्या शाळेत शिकवते. एरवी नुसती वाचून जाते, पण कडक_इस्त्री सरांच्या "सगळ्यांना एकच मोजपट्टी" वर बोलल्याशिवाय राहवत नाही.

दोन वाक्यं बघा.
रमेशने सुरेशला ५०० रुपये दिले.
रमेशला सुरेशने ५०० रुपये दिले.

शब्दांचा क्रम तोच. फक्त ने आणि ला यांनी जागा बदलली आणि पैसे उलट दिशेने गेले. तुम्ही-आम्ही हे दोन-तीन वर्षांचे असताना कानाने शिकलो, कोणी शिकवलंही नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला ही विभक्ती डोळ्यांनी, एकेक करून, शाळेत शिकावी लागते. त्याची सोयीची भाषा बहुतेकदा खुणांची. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, त्यात मराठीचे प्रत्यय नसतात. मग सहावीतला मुलगा दुसरं वाक्य वाचतो, पहिलं नाव रमेशचं म्हणून रमेशने दिले असं धरतो आणि रमेशच्या पैशांत बेरजेच्या जागी वजाबाकी करतो. मी मुलांना उभं करून, हातात कागदी नोटा देऊन तेच गणित करायला लावलं. एक सोडून सगळ्यांचं बरोबर आलं, आणि तो एकजण नोटा खिशात घालून बसला होता.

सांगा सर, त्या पेपरात आम्ही गणित मोजलं की विभक्ती? या मुलांना तुम्ही सहा तास दिलेत तरी "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही ते ओळखा" हे वाक्य सुटणार नाही. वेळेचा प्रश्नच नाही तो. "बरोबर विधान ओळखा" लिहायला काय होतं? त्याने ऐकणाऱ्या मुलांचंही काही नुकसान नाही.

कडक_इस्त्री
अयोग्य नाही ते ओळखा... असे प्रश्न मी स्वतः काढले आहेत. त्यावेळी ते हुशारीचं लक्षण वाटायचं. विचार करतो.

थेम्सकाठची_शेव
इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते, मूळची साताऱ्याची. इथली पद्धत सांगते, आदर्श म्हणून नाही, तुलनेसाठी. (आदर्श वाटू नये म्हणून आधीच सांगते, कागदपत्रांचा ढीग इथेही तोच, आणि मदतनीस माणसांची चणचणही.)

इथे सोय ठरवताना पहिला प्रश्न असतो, हा मुलगा वर्षभर वर्गात कसं काम करतो? वर्गात लॅपटॉपवर लिहीत असेल तर परीक्षेतही लॅपटॉप. परीक्षेच्या दिवशी अचानक नवी सोय उगवत नाही. त्यामुळे खोट्या मागण्यांनाही आपोआप आळा बसतो, कारण शाळेला वर्षभराचा पुरावा दाखवावा लागतो. कडक_इस्त्री सरांना हा भाग आवडेल.

दुसरं म्हणजे सोय विषयाच्या मुळावर येत असेल तर मिळत नाही. सोळाव्या वर्षीच्या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत जिथे वाचनच तपासायचंय, तिथे प्रश्न वाचून दाखवणारा माणूस चालत नाही. त्याच मुलाला इतिहासाच्या पेपरात मात्र चालतो. म्हणजे प्रत्येक पेपराला आधी ठरवावं लागतं की आपण इथे नेमकं काय मोजतोय.

आता माझी फजिती. अल्पदृष्टीच्या एका विद्यार्थिनीसाठी वर्गचाचणीचा पेपर मोठा करून हवा होता. मी शहाणपणा करून ए-४ चा ए-३ झेरॉक्स काढला. प्रश्न होता, "रेषाखंडाची लांबी मोजून लिहा." पाच सेंटिमीटरची रेघ झेरॉक्समध्ये सात सेंटिमीटरच्या वर गेली. तिने इमानदारीने सात लिहिलं आणि मी उत्तरसूची बघून फुली मारली. तिनं पट्टी घेऊन माझ्या टेबलाशी येऊन परत मोजून दाखवलं. शिवाय त्या चादरीएवढ्या कागदाला नाक लावून, मान इकडून तिकडे फिरवत तिने तासभर काढला होता. मोठा पेपर म्हणजे ताणलेला पेपर नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले. इथे बोर्डाच्या परीक्षेला तसा पेपर आधी मागवला तर अक्षर १८ पॉइंटचं ठळक येतं, कागद ए-४ च राहतो, चित्रं नव्याने काढलेली, अनावश्यक छटा काढून टाकलेल्या. झेरॉक्स दुकानातून हे होत नाही, पेपर काढतानाच करावं लागतं.

टंकाळा
प्रोग्रामर. ऑनलाइन परीक्षांच्या प्रणालींवर काम केलंय, पापं फेडण्यासाठी लिहितो.

मराठीत पहिला राक्षस म्हणजे फॉन्ट. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका पडद्यावर आणि कागदावर झकास मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ असते. अंध विद्यार्थ्याचं पडदावाचक सॉफ्टवेअर तीच भेळ मोठ्याने वाचतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या सगळीकडे चालणाऱ्या संकेतपद्धतीत, टंकलं की तोच मजकूर मराठीत ऐकू येतो. एनव्हीडीए नावाचं पडदावाचक फुकट आहे आणि मराठी बोलतं, आवाज थोडा रोबोटसारखा. खडूफळा ताई, तुमच्या शाळेत पेपर कोण टंकतं त्याला एवढंच सांगा: युनिकोड. स्कॅन करून पीडीएफ पाठवू नका, तो फोटो असतो, त्यात वाचायला काही नसतं.

दुसरं, "जोड्या लावा". बघणाऱ्याला दोन रकाने एका नजरेत दिसतात. ऐकणाऱ्याला अ गटातले पाच ऐकून मग ब गटातले पाच, तोवर अ मधला पहिला विसरलेला. शिवाय बऱ्याच पीडीएफमध्ये वाचक आडवा वाचतो: "अ गट ब गट एक पंचगंगा अ नाशिक". ऐकणाऱ्याला वाटतं पंचगंगा नाशिकला. उपाय सोपा आहे. ब गट आधी एकदा वाचून दाखवा, आणि अ गटातल्या प्रत्येकानंतर तो पुन्हा वाचायची मुभा ठेवा. किंवा सरळ पाच वेगळे बहुपर्यायी प्रश्न करा, मोजायचं तेच मोजलं जातं.

पापाची कबुली: एका प्रणालीत आम्ही घड्याळ असं बसवलं होतं की दर सेकंदाला आकडा बदलला की पडदावाचक तो वाचायचा. एक तास एकोणसाठ मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. एक तास एकोणसाठ मिनिटं सत्तावन्न सेकंद. चाचणी घेणाऱ्या अंध मित्राने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "हे तुझं मूल आहे, तूच सांभाळ."

सहा_टिंबं
हाहाहा! तो मित्र मी नव्हतो, पण असू शकलो असतो.

शब्दांबद्दल एक. सगळे "सवलत" आणि "जादा वेळ" म्हणताय. २०१८ च्या त्याच सूचनांमध्ये, आणि त्याआधी २०१३ च्या सूचनांमध्येही स्पष्ट म्हटलंय की "जादा वेळ" हा शब्द वापरू नका, "भरपाई वेळ" म्हणा, आणि ती तासाला किमान २० मिनिटं द्या. म्हणजे दोन तासांच्या भूगोलाला ४० मिनिटं, तीन तासांच्या मराठीला पूर्ण तास. माझं वाचन दुसऱ्याच्या तोंडून, लिहिणं दुसऱ्याच्या हातातून, त्यात जो वेळ जातो तो परत मिळतो. रेशनच्या दुकानात मापात कमी आलेली साखर नंतर पुरी केली तर त्याला सवलत म्हणतात का?

कडक_इस्त्री
दृष्टांत चांगला आहे. पण माझा मूळ प्रश्न राहिला. कमी आलं किती, हे कोण मोजणार? तासाला वीसच का, तीस का नाही?

हातवारे
सर, तीन तासच का, याचा हिशोब तरी कोणी दिलाय? वेग हाच विषय असेल तिथे माझी तक्रार नाही. टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला तीस शब्द म्हणजे तीस शब्द. पण इतिहासाच्या पेपरात १८५७ च्या उठावाची कारणं किती वेगाने आठवतात हे आपण कधी मोजायचं ठरवलं होतं?

आळूवडी
कायद्याचं थोडं सांगते, दोन वर्षं हेच केलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू. जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१, त्यात डिस्लेक्सियाही धरला जातो. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करणं हे सरकारचं काम म्हणून लिहिलंय, वाढीव वेळ आणि लेखनिक ही त्यातली उदाहरणं.

शाळेत "चाळीस टक्के दिव्यांगत्व आहे का?" विचारून वाटेला लावतात. त्यावर ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता, ठरलेल्या टक्केवारीत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने म्हटलं, लेखनिकासाठी ती टक्केवारीची अट लावता येणार नाही. मग ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. आणि २०२१ च्याच नोव्हेंबरातला अवनी प्रकाशचा निकाल वाचा. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसलेली डिसग्राफियाची (लिहिण्यातल्या अक्षमतेची) मुलगी, तिला केंद्रावर वाढीव तास दिलाच नाही, वेळ संपली म्हणून पेपर काढून घेतला. तिला हक्काचा वेळ नाकारला गेला हे न्यायालयाने मान्य केलं. कागद होता, नियम होता, केंद्रावरच्या माणसाला माहीतच नव्हतं.

म्हणून केंद्रावर जाताना मी मंजुरीच्या पत्राच्या चार प्रती नेत असे. एक केंद्रसंचालकांना, एक पर्यवेक्षकांना, एक लेकीकडे. चौथी माझ्या पर्समध्ये, गेटवरच्या शिपायासाठी. तीच सर्वात उपयोगी पडली.

कडक_इस्त्री
केंद्रसंचालकाच्या बाजूने हेही लिहून ठेवा. त्या सकाळी साडेतीनशे मुलं, कस्टडीतून आलेली पाकिटं, भरारी पथक, एक मुलगी चक्कर येऊन पडलेली. अशात समोर कोणी कायदा धरला की माणूस "नंतर बघू" म्हणतो. आठ दिवस आधी येऊन भेटा. वेगळी खोली, तळमजला, जवळ स्वच्छतागृह, आणि पर्यवेक्षकाला आधीच सांगणं की याची घंटा वेगळी आहे. शेवटचं महत्त्वाचं. सगळ्यांची घंटा झाली की मैदानात जो गोंगाट होतो त्यात या मुलाने उरलेली चाळीस मिनिटं उत्तरं सांगायची असतात. मी मैदानाच्या मागच्या बाजूची खोली देत असे. नियमात नाही हे, आपलं डोकं.

सहा_टिंबं
सर, ही खोलीची गोष्ट मी कुठल्याच परिपत्रकात वाचलेली नाही. माझ्या बारावीच्या शेवटच्या अर्ध्या तासात खिडकीबाहेर दोघं "त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय लिहिलंस" यावर भांडत होते. लेखनिक ऐकत होता. मीही.

रिकामटेकडा
मग तिसऱ्या प्रश्नाला किती मिळाले?

सहा_टिंबं
दोघांचंही चुकलं होतं.

खडूफळा
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. केलं ते सांगते.

लेखनिक मुलगी आणि हा, दोघं रोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं बसतात. "अंश सुरू, छेद सुरू" दोघांच्या तोंडात इतकं बसलंय की परवा डबा उघडताना ती म्हणाली, "पोळी सुरू, भाजी संपली." गणिताच्या पुढच्या सराव पेपरात वाचनामुळे एकही चूक नाही. त्याच्या स्वतःच्या चुका झाल्या, दोन. त्या त्याला लगेच सांगितल्या, खूश झाला. म्हणाला, "या माझ्या आहेत."

पेपर टंकणाऱ्या क्लार्कभाऊंना युनिकोडचं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं हाच फॉन्ट आहे." अजून वाटाघाटी चालू आहेत.

नकाशासाठी अंधशाळेतल्या त्याच्या जुन्या सरांना फोन केला. त्यांनी जर्मन फिल्मचे पाच कागद पाठवले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्लॅस्टिकचा पातळ कागद, खाली रबराची गादी ठेवायची आणि बॉलपेनने रेघ ओढली की ती उठून येते, बोटाला लागते. मी भारत आणि ब्राझीलचे आराखडे काढले. पहिले दोन कागद वाया गेले, कारण पाठ्यपुस्तकातला नकाशा जसाच्या तसा गिरवला: नद्या, सीमा, शहरं, सगळंच. बोटाखाली नुसता गुंता. तिसऱ्यात फक्त किनारा आणि सीमा, नद्यांसाठी दोरा चिकटवला, शहरांसाठी टिकल्या. (हळदीकुंकवाला मिळालेली पाकिटं सार्थकी लागली.)

भारताच्या नकाशावर पश्चिम किनाऱ्याने केरळपासून वर बोट नेत गेला. मुंबईच्या वर थांबला. तिथे किनारा एकदम आत वळतो, तिथे बोट आत-बाहेर फिरवलं आणि म्हणाला, "हे खंबातचं आखात. आखात म्हणजे असं असतं होय!" व्याख्या त्याला पाचवीपासून पाठ होती.

मग ब्राझील. पिको दी नेब्लीनाची टिकली मी उत्तरेला, व्हेनेझुएलाच्या सीमेशी लावली होती. त्याला ती सापडेपर्यंत लेखनिक मुलगी शेजारी बसून डोळे मिटून स्वतःचं बोट फिरवत होती. तिला सापडली नाही. यानं तिचं बोट धरून नेलं.

बोर्डाच्या पेपरात त्याला एका वाक्यातच उत्तरं द्यायची आहेत, ते काही मी बदलू शकत नाही. पण आमच्या शाळेच्या नववीच्या वार्षिक परीक्षेचा भूगोलाचा पेपर मीच काढते. पुढच्या वर्षी आठवीतून एक अल्पदृष्टीची मुलगी नववीत येतेय. तिच्यासाठी नकाशा वेगळा नव्याने काढणार, ए-३ झेरॉक्स नाही. थेम्सकाठची_शेव, तुमच्या सात सेंटिमीटरने वाचवलं.

एक अडचण: जर्मन फिल्मचा एकच कागद उरलाय आणि रबरी गादीची कड फाटली. पुण्यात कुठे मिळेल? कुरियरचा खर्च मी देईन.

हातवारे
ताई, गादीऐवजी जुनी सायकलची ट्यूब कापून सपाट करून बघा. आम्ही दुसऱ्याच कामाला वापरतो, पण दाब बरा घेते.

काठावरपास
बायकोला धागा दाखवला. तिच्या वर्गात हे सगळं आहे म्हणाली, आणि मला विचारलं की तू इतकी वर्षं कधी ऐकलं का नाहीस. असो.

कडक_इस्त्री
फिल्म माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या वेळी कपाट आवरताना अर्धं पुडकं सापडलं होतं, हे काय आहे ते मला तेव्हा कळलं नव्हतं, टाकवलंही नाही. शनिवारी पुण्यात येतोय. स्वारगेटला साडेअकराला कोणी घ्यायला येईल का?

टंकाळा
मी येतो सर. तिथून एसटीच्या पार्सलने ताईंकडे पाठवतो. आणि ताई, त्या क्लार्कभाऊंचा जुन्या फॉन्टमधला एक पेपर मला पाठवा. तो युनिकोडमध्ये बदलून देतो, मग त्यांना दोन्ही ऐकवा.